पायाळूचा पाय मुरगळला

मी जन्मले तीच आधी पाय बाहेर काढून. आईला त्या बाळंतपणात काय काय सोसावं लागलं, हे ती माझ्यावर रागावली की ऐकवायची. गावाची मात्र त्यात सोय झाली. पायाळू माणसाचा पाय पाठीला लागला की कंबरेत भरलेली उसण निघते, असं आमच्याकडं सगळे मानतात, आणि गावात त्या वेळी दुसरं कुणी पायाळू असल्याचं ठाऊक नव्हतं. त्यामुळं मी चालायला शिकले तशी माझी प्रॅक्टिस सुरू झाली.

रीत साधी होती. ज्याची कंबर धरली असेल त्यानं आमच्या उंबऱ्यावर पालथं पडायचं. मी मागून येऊन उजवा पाय तीनदा कंबरेला लावायचा, आणि मग पुढं होऊन त्याच माणसाच्या पाया पडायचं. आधी लाथ, मग नमस्कार. सरपंच, तलाठी, हेडमास्तर, सगळे माझ्या पायाखालून गेलेले आहेत. हेडमास्तरांनी सकाळी मला छडी मारावी आणि संध्याकाळी माझ्या दारात पालथं पडावं, असंही एकदा झालं. त्या दिवशी त्यांना तीनाऐवजी चार लागल्या. मोजायला मला त्यांनीच शिकवलं होतं.

पायाळूला जमिनीतलं पाणीही कळतं म्हणतात. बहात्तरच्या दुष्काळात मी लहान होते. गावातल्या माणसांनी मला भर दुपारी माळावर अनवाणी फिरवलं. "कुठं गार लागतंय का गं?" असं दर चार पावलांवर विचारायचे. गार कसलं लागतंय, पायाची साल निघायची वेळ आली होती. एक एकटी बाभूळ दिसली, मी तिच्या सावलीत जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "हितं गार लागतंय." तिथं विहीर खणली आणि पाणी लागलं. मचूळ होतं, पण लागलं. सावलीत पाय गार लागतात यात मी खोटं काय बोलले?

पळणं मात्र मला कुणी शिकवलं नाही, ते दूध सोसायटीमुळं आलं. अण्णा, म्हणजे माझे वडील, सोसायटीत दूध मापून घ्यायचे. आमच्याकडं शेरडं-मेंढरं पूर्वीपासूनची, म्हशी नंतर आल्या. दुधाची गाडी पहाटे फाट्यावर यायची आणि कुणासाठी थांबायची नाही. रोज एखादी किटली मागं राहायची, आणि ती घेऊन गाडीमागं पळायचं काम माझ्याकडं असायचं. ड्रायव्हर आरशात मला बघून मुद्दाम गाडी रेटायचा. असं करता करता मी पुढच्या गावापर्यंत पळायला लागले आणि शेवटी ड्रायव्हरच कंटाळला.

बारावी झाली त्या वर्षी पुन्हा पाऊस गेला. आमच्या भागात नवा सहकारी साखर कारखाना उभा राहिला होता, पहिला हंगाम तोंडावर होता आणि फडात ऊस नव्हता. ऊस पळवता येईना म्हणून माणसं पळवायचं ठरलं असावं. जीपवर भोंगा लावून गावोगाव पुकारलं: गाळपाची पहिली मोळी टाकायच्या दिवशी कारखान्याच्या गेटपासून येरमाळ्यापर्यंत आणि परत, बेचाळीस किलोमीटरची मॅरेथॉन शर्यत. फक्त पुरुषांसाठी, असं त्यात कुठं म्हटलं नव्हतं. बाई पळेल असं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मी नाव देऊन आले.

अण्णांनी डोक्याला हात लावला. सोनारीकडचं एक स्थळ त्यांनी जवळजवळ पक्कं केलं होतं आणि मला उस्मानाबादच्या कॉलेजात जायचं होतं. आमची दोघांची त्यावरून रोज खडाजंगी व्हायची. पळायचं कळल्यावर ते आधी रागावले, मग त्यांना त्यात सोय दिसली.

"आसं कर," ते म्हणाले. "समदं अंतर पुरं केलंस तर यंदा लगीन न्हाय, कॉलेजात घालतो. मधीच खाली बसलीस तर मुकाट्यानं बोहल्यावर चढायचं. हाय कबूल?"

"हाय."

ते खुशीत सोसायटीत निघून गेले. येरमाळ्याच्या देवीला चालत जायचं म्हटलं तरी ते स्वतः वाटेत तीन ठिकाणी बसायचे. त्यांच्या मते माझं लग्न ठरलं होतं.

मी कळंबच्या बाजारातून कॅनव्हासचे बूट आणले. पुरुषी मापाचे होते, पुढं कापूस कोंबून घातले. पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला बांधून मी पहाटे सडकेला लागले, आणि पहिल्याच दिवशी कळलं की आमच्याकडं बाई विनाकारण पळू शकत नाही. "काय झालं गं लेकी, कोण गेलं?" म्हणून म्हाताऱ्या रडायच्या तयारीनं उभ्या राहायच्या. एका एसटी ड्रायव्हरनं गाडी थांबवली आणि सगळे प्रवासी मला चढ म्हणून ओरडायला लागले. दुसऱ्या दिवसापासून मी हातात रिकामी किटली घेतली. किटली दिसली की कुणी काही विचारत नसे. दुधाची पोर, गाडी चुकली असेल. त्या एका किटलीच्या जोरावर मी निम्मा तालुका पळून काढला.

आणि मग आमच्या उंबऱ्यावर संचालक आले.

कारखान्याचे हे संचालक आमच्याच गावचे, चांगले दणकट, शर्यतीच्या कमिटीवरही होते. जीपमधून उतरतानाच त्यांची कंबर धरली होती. अण्णांनी घाईघाईनं घोंगडी अंथरली, ते कण्हत उंबऱ्यावर पालथे पडले. पडल्या पडल्या तोंड सुरूच.

"पोरीचं नाव दिलंय म्हणं तुमी. लोक हसत्यात. पोरीच्या जातीनं सडकंनं पळावं व्हय? म्या काढून टाकतो नाव, तुमच्या भल्यासाठी सांगतोय."

अण्णा मान हलवत होते. मी पहिल्यांदा पाय लावला, हलकेच. दुसऱ्यांदाही हलकेच.

"न्हाती-धुती पोरगी घरात बसलेली बरी," संचालक उंबऱ्यातून म्हणाले.

तिसरी मी मनापासून मारली.

"आई गंऽ!" म्हणून संचालक ताडकन उठले, उभे राहिले, इकडं वळले, तिकडं वळले. "गेली! आयला, साफ गेली! पोरीच्या पायात जादू हाय!" माझा पाय मात्र त्यांच्या पाठीवरून घसरून उंबऱ्याच्या कडेवर आदळला होता आणि घोट्यात असं काही वळलं होतं की डोळ्यांपुढं अंधारी आली. तशीच पुढं झाले, त्यांच्या पाया पडले, आणि पडल्यावर उठलेच नाही. ते म्हणाले, "बघा, संस्कार बघा!"

जीप गेली. आईनं माझ्याकडं बघितलं आणि घोटा दाबून बघितला.

"किती जोरात हाणलीस?"

"लई न्हाय."

"चांगली बसली का पर?"

"बसली."

"मंग आसूं दे," आई म्हणाली आणि आंबेहळद उगाळायला बसली.

घोटा संध्याकाळपर्यंत भोपळ्यासारखा झाला. आंबेहळदीचा लेप झाला, चिंचेच्या पाल्याचा शेक झाला, हाडवैदानं तेल लावून इतकं चोळलं की मी त्याचा हात चावायचा बाकी ठेवला. गावाला मी बाजेवरून पडले असं सांगितलं होतं. पण पायाळूचाच पाय मुरगळला म्हटल्यावर येईल तो बघायला यायचा. एकानं तर विचारलं, डावा पाय चालतो का, माझी कंबर धरलीय. शर्यतीला पंधरवडा उरला होता. मी पांघरूण डोक्यावरून घेऊन रडत होते. दुखत होतंच, पण त्याहून सोनारी दिसत होती.

अण्णांनी निकाल देऊन टाकला. "पायाळूचा पाय पायाळूच्या लाथेबिगर धड व्हत न्हाय. तशी लाथ लागल्याबिगर म्या तुला सडकंवर सोडणार न्हाय." दुसरी पायाळू गावात नाही अशी त्यांची खात्री होती. ते सोनारीला कधी जायचं याचा हिशेब मनात करत होते.

पण माझी आई सुईण आजीकडं गेली. आईला माझ्या कॉलेजाचं फार काही नव्हतं. तिला फक्त अण्णा एकदा हरलेले बघायचे होते. गावातली सगळी मुलं सुईण आजीच्या हातावर आलेली, त्यामुळं कोण कसं बाहेर आलं हे तिच्याशिवाय कुणाला ठाऊक असणार? ती म्हणाली, "हाय की एक. भीमनगरातल्या शाळेच्या बाई. त्या बी पायाकडूनच आल्या."

बाई मला चौथीपर्यंत शिकवायला होत्या. भीमनगरातच जन्मलेल्या, शिकून पुन्हा गावातल्याच शाळेवर आलेल्या. एक शेळी पाळून एकट्याच राहायच्या. आईनं मला बैलगाडीत घातलं आणि त्यांच्या दारात नेलं.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "सुईण आजीला म्हणावं, जन्मताना मला विचारलं असतं तर मी डोकं आधी काढलं असतं. वहिनी, आमच्या आईबापांनी छप्पन साली दीक्षा घेतली. उतारे, अंगारे, लाथा, समदं तवाच घराबाहेर टाकलं. मी कुणाला लाथ मारणार न्हाय."

"आवं पर पोरीचं आयुष्य हाय," आई म्हणाली, आणि सोनारीपासून कॉलेजापर्यंत सगळं सांगून टाकलं.

बाईंनी वाकून माझा घोटा बघितला. मग म्हणाल्या, "पोरीला आठ-दहा दिवस माझ्याकडं ऱ्हाऊ द्या. दार लावून काय ते मी बघते."

आईला काय समजायचं ते समजलं, आणि घरी जाऊन तिनं अण्णांना एवढंच सांगितलं, "बाईनी दार लावून घेतलं." अण्णांना काय समजायचं ते त्यांनी समजून घेतलं.

दार लावून बाईंनी काय केलं? मला भिंतीला टेकून बसवलं आणि पाय शाळेत पोरांना खायला यायच्या सुकडीच्या पोत्यावर ठेवला. बस्स.

"पायातलं मला काय कळत न्हाय," त्या म्हणाल्या. "पण शाळेतल्या पोरांचे पाय मुरगळले की मी त्यांना बसवून ठेवते. आठ दिवसांनी पुन्हा झाडावर आसत्यात."

जुन्या पातळाची पट्टी घट्ट बांधली. माठातल्या पाण्यात फडकं भिजवून सकाळ-संध्याकाळ घोट्यावर. पाणी तेव्हा टँकरनं यायचं, एका घागरीवरून भांडणं व्हायची. त्यामुळं माझ्या पायाखालचं पाणी घमेल्यात धरून शेळीला पाजलं जायचं. शेळी आधी माझ्याकडं बघायची, मग पाण्याकडं, आणि नाइलाज झाल्यासारखी प्यायची.

बसून बसून माझा दम जाईल याची मला धास्ती. वीज नसल्यानं गावची गिरणी बंदच असायची. मी बाईंचं जातं पुढं ओढलं, एक पाय पोत्यावर, एक जात्याशी, आणि दळायला लागले. आधी बाईंची ज्वारी, मग शेजारणीची, मग अख्ख्या आळीची. घाम निथळायचा, छाती धापा टाकायची. बायका म्हणायच्या, पायाळूच्या हातचं पीठ, भाकरी फुगती. मी एका दुपारी दळता दळता रडायलाही लागले, पाय बरा होईल असं वाटेनाच. बाई वह्या तपासत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "रड. पण जातं सावकाश फिरवू नगंस, पीठ जाडं पडतंय."

मला त्या घरात फार बरं वाटायचं, हे सांगून टाकते. पहिल्या दिवशी आमच्या घरून माझ्यासाठी भाकरी आली होती. दुसऱ्या दिवशी आई पाठवायला विसरली, असं ती म्हणते. मी बाईंच्या ताटात जेवले. चौथ्या-पाचव्या दिवशी अण्णा सायकलवर उन्हातून आले आणि दारात उभ्यानंच बोलले. बाईंनी पाण्याचा तांब्या पुढं केला. अण्णांनी तांब्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि घटाघटा प्यायले. त्या वर्षी पाण्याला नाही म्हणायची ऐपत कुणाची होती? जाताना त्यांनी विचारलं, "लाथ लागली न्हवं नीट?" बाई म्हणाल्या, "पोरीचा पाय उतरतोय." अण्णा समाधानानं गेले.

निघायच्या आधी मी शेळीमागं अंगणात पळून बघितलं. घोटा कुरकुरला, पण चालला. बाई म्हणाल्या, "दुखलं तर चाल. पण त्या पायावर आता काही हाणूबिणू नगंस."

शर्यतीच्या सकाळी कारखान्यावर मांडव होता. धोतर खोचलेले, हाफ पँट घातलेले पुरुष ओळीनं उभे होते, आणि किटली नसलेली मी. संचालकांनी मला बघितलं आणि कमिटीला ओरडले, "आरं, त्या पोरीचं नाव काढायला सांगितलं हुतं न्हवं?" कमिटीनं माझं नाव खोडलं. अण्णा माझ्याकडं न बघता गेटाकडं बघत उभे राहिले. मग संचालक पूजेला गेले. गव्हाणीत पहिली मोळी टाकायचा मान त्यांचा होता. त्यांनी वाकून उसाची मोळी उचलली, आणि तसेच राहिले.

वाकलेले. मोळी हातात.

"उसण!" कुणीतरी म्हणालं आणि सगळा मांडव माझ्याकडं वळला. चौघांनी त्यांना उचलून शेतकी ऑफिसच्या उंबऱ्यावर पालथं घातलं.

"ये गं लेकी, लवकर ये," ते कण्हले.

"काका, माझं नाव तर खोडलंत," मी म्हणाले. "जिचं नावच न्हाय तिचा पाय कसा लागू पडंल?"

"घाला रं तिचं नाव! ठळक घाला!"

नाव घातलं. मी बूट काढला आणि उजवा पाय उचलला. हलका लावायचा म्हटलं तरी घोट्यातून कळ निघाली. पाय हवेत तसाच राहिला. मला खरंच भीती वाटली. तेवढ्यात गर्दीतून आवाज आला, "थांब."

बाई पुढं आल्या आणि त्यांनी चप्पल काढली. सगळीकडं कुजबुज सुरू झाली. भीमनगरातली बाई संचालकांच्या पाठीवर पाय ठेवणार, हे काही लोकांच्या घशाखाली उतरत नव्हतं. "कोण हाय?" संचालकांनी उंबऱ्यात तोंड खुपसूनच विचारलं.

"दुसरी पायाळू," सुईण आजी म्हणाली. "सरळ पड."

"बाई, तुमी तर मानत न्हाय," मी हळूच म्हणाले.

"न्हायच मानत," बाई तेवढ्याच हळू म्हणाल्या. "पण ह्यांना लाथ मारायला मानायची काय गरज हाय?"

पहिली, दुसरी, तिसरी. तिसरी माझ्यापेक्षा सरस होती. संचालक उठले. उसण निघाली म्हणून की लाजेनं, हे त्यांनाच माहीत. बाई काही पाया पडल्या नाहीत. त्यांनी चप्पल घातली, आणि संचालकांना काय सुचेना म्हणून त्यांनीच हात जोडले.

"हात चांगला... म्हंजी पाय चांगला हाय तुमचा," सुईण आजी म्हणाली.

"आयुष्यातली पहिलीच," बाई म्हणाल्या.

"पहिलीच?" हे अण्णा. मागं उभे होते. त्यांनी माझ्या घोट्याकडं बघितलं, बाईंकडं बघितलं, आणि त्यांच्या डोक्यात चाक फिरायला लागलेलं मला स्पष्ट दिसलं. लाथ लागलीच नव्हती. म्हणजे अट मोडली होती. मी तोवर बूट चढवला होता. ते तोंड उघडणार तेवढ्यात शिट्टी वाजली आणि मी सुटले.

येरमाळ्यापर्यंत मी मजेत गेले. तालुक्याच्या गावचा एक पैलवान वाटेत उलट्या करत बसला होता, त्याला राम राम करून गेले. देवीच्या पायऱ्यांना हात लावून वळले आणि थोड्याच वेळात घोटा बोलायला लागला. मग ओरडायला लागला. मी चालायला लागले. पुरुष एकेक करून पुढं निघून गेले. ऊन चढलं, ऊन उतरलं. सडकेकडेची प्रत्येक लिंबाची सावली मला बस म्हणत होती.

मागून सायकलची घंटी वाजली. अण्णा.

मला वाटलं, संपलं. ते सायकलवरून उतरले आणि माझ्या बाजूनं चालायला लागले.

"बाईनी तुला लाथ मारलीच न्हाय तर."

"न्हाय."

"मंग पाय बरा कसा झाला?"

"झाला न्हाय अजून."

ते माझं लंगडणं बघत चालत राहिले. हँडलला माझी किटली लटकवलेली होती, तिच्यात पाणी होतं. मी उभ्यानं प्यायले. बरंच चालल्यावर एक फाटा आला. पारावरची माणसं बघायला उठली आणि एक म्हातारा ओरडला, "आवं पाव्हणं, पोरगी लंगडतीया, क्यारेज मोकळंच हाय, बसवा की मागं!"

अण्णांनी सायकल पुढं ढकलली. "तिला बसायचं न्हाय," ते म्हणाले.

मला तेव्हा हुंदका आला, तो घोट्यामुळं नव्हता.

आम्ही पोचलो तेव्हा दिवस मावळतीला गेला होता. मांडव सुटत होता, बक्षिसं वाटून झाली होती, कमिटी घरी गेली होती. गेटाशी बाई, आई आणि सुईण आजी एवढ्याच उरल्या होत्या. मी गेटातून आत गेले, उभीच्या उभी. अण्णांनी सायकल भिंतीला लावली, धोतर सावरलं, आणि गेटाच्या उंबऱ्यावर मटकन बसले.

आई कमरेवर हात ठेवून त्यांच्याकडं बघत राहिली. इतकी खूश ती माझ्या जन्माच्या वेळीही झाली नसणार.

"सोनारीला सांगावा धाडतो उद्या," अण्णा पोटऱ्या चोळत म्हणाले. "आता मला उठवा कुणीतरी. कंबर धरलीया."